अण्णांनी परसात शेड बांधलं

तीन माणसांनी मिळून काही बांधायला घेतलं, की ते उभं राहायच्या आधीच त्याचे किस्से उभे राहतात. अण्णांच्या शेडचे तर इतके साठलेत, की चहाला बसल्यावर एकजण सुरुवात करतो आणि दुसरा मधेच तोडतो, थांब, आधी ते लेथचं सांग. शेवटचा किस्सा मात्र कुणी आपणहून काढत नाही.

आम्ही तिघं कागलच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात, टूलरूममध्ये होतो. अण्णा सगळ्यांत मोठे, मग मी, मग मारुती. जन्म लोखंडात गेला, पण अण्णांना वेड लाकडाचं. रिटायर झालं की परसात शेड मारायचं, लाकडाचा लेथ बसवायचा आणि लाटणी, भोवरे, पलंगाचे पाय करत बसायचं, हे जेवणाच्या सुट्टीतलं त्यांचं ठरलेलं बोलणं.

*

रिटायर झाल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. परसात पांढऱ्या फक्कीनं शेड आखून ठेवलेलं. इथं लेथ, इथं फळ्या, इथं खिडकी. मारुती चपला काढून सरळ आत गेला आणि मधोमध उभा राहिला.

अण्णा म्हणाले, "भिंतीतनं कुठं आलास? दारातनं ये की."

मारुती बिचारा परत बाहेर गेला आणि फक्कीच्या दारातनं आत आला.

*

मारुती राधानगरीकडचा. पत्र्याला उतार किती द्यायचा, यावर त्याचं कुणी ऐकेना. तेव्हा तो म्हणाला, "पाऊस तुम्ही पेपरात वाचलाय. आम्ही डोक्यावर घेतलाय."

मग त्याच्या म्हणण्याप्रमाणे उतार वाढवला. आता पत्र्याचं पाणी थेट घराच्या पायरीवर पडणार, म्हणून अख्खं शेड मागं सरकवलं. मागच्या दगडी गडग्याला टेकवून, परसाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

त्या गडग्यात एक खिंड होती. कधीतरी चार दगड ढासळले होते, ते कुणी परत लावले नव्हते. मागच्या गल्लीतल्या अक्का त्या वाटेनं रोज दुपारी अण्णांच्या बायकोकडं, आमच्या वहिनींकडं यायच्या. सुपात काहीतरी निवडायला घेऊन यायच्या आणि ऊन उतरलं की "येतो गं" म्हणून तिथूनच परत जायच्या. वहिनी लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हापासूनचं हे येणंजाणं.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "जरा पुढं घेतलं तर न्हाय का चालणार?"

अण्णांनी त्यांना उताराचं गणित समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि चहा टाकायला गेल्या. मारुतीनं खिंड विटांनी बुजवली. ओळंबा लावून, इतकी सुबक, की आम्ही तिघं जरा लांब उभं राहून बघत बसलो.

*

लेथ मिळाला एका बंद पडलेल्या सुतारखान्यातून. आम्ही तिघांनी आळीपाळीनं माप घेतलं, मगच दाराची चौकट बसवली. टेम्पोतून लेथ उतरवला, तर तो दारातून जाईना. बाजूला आलेली मोटर कुणीच मापात धरली नव्हती. बसवलेली चौकट उचकटून काढावी लागली.

वहिनी पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "जन्मभर मापंच घेतली म्हणं ह्यांनी."

टेम्पोवालासुद्धा हसला.

*

शेडच्या पूजेला अक्का आल्या. पण वाट बंद झालेली, त्यामुळं मागची गल्ली संपवून, मोठ्या रस्त्याला लागून, पुढच्या दारानं. गुडघे धरून पायरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "तुझं घर लांब झालं की गं."

आम्ही हसलो. अक्का फटकळ, त्यांच्या बोलण्याला हसायची आम्हाला सवयच होती. वहिनी हसल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा आठवलं.

त्यानंतर अक्का क्वचितच आल्या असतील. मग येणंच थांबलं. इकडं अण्णांचं काम जोरात. गल्लीत घरोघरी त्यांचं लाटणं पोचलं. वहिनी दुपारी एकट्याच पायरीवर, पत्र्याकडं तोंड करून बसलेल्या दिसायच्या. अक्का दिसत नाहीत आताशा, असं अण्णांनी एकदा विचारलं. त्यांचे गुडघे दुखतात, असं वहिनी म्हणाल्या. अण्णांनी अक्कांसाठी मलम आणून दिलं. विषय तिथंच संपला.

*

पुढचं अण्णांनीच सांगितलं. दुपारी लाइट गेली की ते कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचे. त्या दिवशी नुकताच डिंक लावून दोन फळ्या दाबून धरल्या होत्या, म्हणून गेले नाहीत. आत गप्प बसून राहिले.

थोड्या वेळानं मागच्या बाजूनं आवाज आला, "हाईस का गं?"

पुढून वहिनी म्हणाल्या, "हाय की."

लेथ सुरू असला की ऐकू यायचं नाही. म्हणून दोघी लाइट जायची वाट बघायच्या, आणि शेडच्या दोन अंगांना बसून बोलायच्या. आत अण्णा आहेत, हे दोघींच्या गावीही नव्हतं. अक्का सांगत होत्या, लेक हातकणंगल्याला न्यायला येणार आहे, आता एकटीनं राहू नको म्हणते.

वहिनी म्हणाल्या, "जावा. हितं तरी काय ऱ्हायलंय."

अण्णा आम्हाला म्हणाले, "मला खोकला आलता रे. दाबून धरला."

*

पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तर अण्णा कटर घेऊन तयारच होते. शेडच्या मागच्या अंगाचा पत्रा कापला. मारुतीनं आपल्याच हातानं लावलेल्या विटा फोडल्या. अण्णांनी चांगलं सागवानी दार केलं आणि पलीकडं एक बुटकी पायरी बांधली, दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल अशी. यात आणखी एक रविवार गेला.

दार बसल्यावर अण्णांनी वहिनींना हाक मारली आणि स्वतः कडी काढली. समोर अक्कांच्या मागच्या दाराला कुलूप होतं. लेक मधल्या आठवड्यातच येऊन घेऊन गेली होती. वहिनींना माहीत होतं. आम्ही विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

मारुती उगाच हत्यारं गोळा करायला लागला. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. अक्काच होत्या. वहिनी नव्या दारात, त्या पायरीवरच बसल्या. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाल्या, "ह्यांनी मागं दार केलंय."

पलीकडून अक्कांनी काहीतरी विचारलं. वहिनी थोडा वेळ त्या कुलपाकडं बघत राहिल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "वारं चांगलं येतंय."