टाके म्हणजे सील

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही कागदावर नुसती सही केलेली नाही. सहीच्या वर शेरा लिहिल्याशिवाय त्यांचं पेन खिशात परत जातच नाही. मामा न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्क होते. म्हणजे गेटवर उभं राहायचं, येणारा-जाणारा प्रत्येक कंटेनर चारी बाजूंनी न्याहाळायचा, कुठे चेपलाय, कुठे गंजलाय, दाराचं सील शाबूत आहे की नाही ते लिहायचं, आणि मगच सही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मामा गेटवरून काही हललेले नाहीत. गॅसचा सिलिंडर आला की पुस्तकात 'बुडाला गंज, सील ठीक' असा शेरा पडतो. कुरियरवाला उन्हात ताटकळत असतो आणि मामा खोक्याच्या चेपलेल्या कोपऱ्यावर पट्टी लावून बघत असतात. आमच्या लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून आले, तर तिथेही माझ्या नावापुढे लिहिलं, 'चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली. बाकी ठीक.' फॉर्म नवा आणावा लागला. पण फॉर्मपेक्षा मला त्या 'बाकी ठीक'चाच राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच नोंद राहून गेली, ती बायची. रिकामा म्हणून आलेल्या एका कंटेनरात मुठीएवढं मांजराचं पिल्लू निघालं. मामांनी कागदावर 'रिकामा' असं लिहिलं आणि पिल्लू डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. आमच्याकडे लेकीबाळींना लाडानं बाय म्हणतात, तेच नाव तिला ठेवलं. तिच्यासाठी मामा सुका जवळा स्वतः निवडतात. त्यातला एखादा खडा तिच्या दाताखाली आला तर घरात कुणाची खैर नाही. मामींची तक्रार एवढीच, की "मना ताप आला तं गोली, आन बायला शिंक आली तं रिक्षा." यात अतिशयोक्ती नाही. त्या रिक्षात मी होतो.

बायच्या चौथ्या बाळंतपणानंतर मामींनी निर्वाणीचा इशारा दिला, आणि उरणच्या एका जनावरांच्या दवाखान्यात तिचं पिल्लं बंद करायचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाई तरुण आणि शांत. त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. मामांनी टेबलावर बाय चारी बाजूंनी फिरवून बघितली आणि लिहिलं, 'मांजर सुस्थितीत दिली. उजवा कान जुना फाटलेला. टाके म्हणजे सील. सील तुटल्यास जबाबदारी दवाखान्याची.' बाईंनी वाचलं, हसल्या, आणि खाली सही ठोकून दिली. मामांच्या शेऱ्याला हसणं परवडत नाही हे त्यांना कोण सांगणार! संध्याकाळी बाय गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून घरी आली. तिनं टाके चाटू नयेत म्हणून तो दहा दिवस काढायचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी टाके उसवले. जखम चिघळली, ताप चढला, बाय डोळे उघडेना. पुन्हा दवाखाना, पुन्हा ऑपरेशन, मग सलाईन. ती वाचेल असं डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगेनात. आणि अशा वेळी मामांनी काय करावं? दुसऱ्या ऑपरेशनच्या बिलावरून भांडण काढलं! रोज अकरा वाजता ते दवाखान्यात हजर. सोबत मी, कारण गाडी माझी. "सील तुटलं. कागद तुमचा, सही तुमची. मी एक पैसा भरनार न्हाय," हे काउंटरवर उभं राहून. बाई म्हणायच्या, "काका, बिलाचं नंतर बघू. आत येऊन तिला बघता का?" मामा आत जायचे नाहीत. घरी आले की दवाखान्यात फोन, दिवसातून तीनदा. "बिल चुकीचं हाय" ही सुरुवात आणि "दूध प्यायली काय?" हा शेवट. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी गाडीत एकदा म्हटलं, "मामा, पैशाचंच असेल तर मी भरतो." तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वायपर चालू केला. बाहेर लख्ख ऊन होतं.

भांडणाच्या चौथ्या दिवशी बाईंनी तो संमतीचा कागद काढून समोर ठेवला आणि विचारलं, "काका, तुमच्या यार्डातून माल सीलबंद बाहेर पडला आणि पुढे वाटेत सील तुटलं, तर जबाबदारी कुणाची?"

"नेनाऱ्याची," मामा ताडकन म्हणाले. सगळ्या नोकरीभर हजारदा दिलेलं उत्तर ते, तोंडात तयारच होतं. मग त्यांनी तो कागद जवळ ओढला. खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.

"भोंगा मी काढला," ते खाली बघत म्हणाले. "तिला तोंड खाली नेता येत नव्हतं. जवल्याच्या बशीभवती नुसती फिरायची. म्हटलं, पाच मिन्टं काढतो, जेवंल. समोरच बसलो व्हतो मी. माझा डोला लागला."

हे त्यांनी मामींनासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "टाके दातांनी ओढलेले होते."

"मंग बोलली का न्हाय?"

"रोज तीनदा फोन करून ती दूध प्यायली का विचारत होतात, काका. तुम्हाला काय बोलू?"

मामा बाकावर बसले. "भांडत व्हतो तवर बरं वाटत व्हतं, पोरी. गप बसलो की ती डोल्यासमोर यायची." चार दिवस मी या माणसाला कंजूष समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

बिल त्यांनी तिथल्या तिथे भरलं आणि पहिल्यांदाच आत गेले. बाय पिंजऱ्यात आडवी पडली होती, पोट भादरलेलं, अंगात जीव म्हणाल तर नावाला. मामा दोन हात लांबच थांबले. "वलखंल काय मना?" त्यांनी मला विचारलं, जसा काही मीच तिचा डॉक्टर. मग बोट पुढे केलं. बायनं ते हुंगलं, जरा वेळ घेतला, आणि चाटलं. मामा तोंड फिरवून भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभे राहिले. तो तक्ता कुत्र्यांचा होता.

बाय आता ठणठणीत आहे. मामांची मात्र दुपारची झोप गेली ती गेलीच. जेवण झालं की ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. मामी म्हणतात, "पडा की जरा. टाके कवाच सुकले तिचे." मामा म्हणतात, "तू झोप." मग मामी झोपतात, बाय झोपते, आणि मामा डोळ्यांना पाणी लावून येतात आणि पुन्हा तिच्यासमोर बसतात.