रक्ताआधी माणूस पाहणाऱ्या मृणालताई

डॉ. मृणालताईंची आणि माझी ओळख वादाने झाली, हे त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहायला मला मुळीच संकोच वाटत नाही. २०१४ साली मी डहाणूला एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक होते. नवऱ्याला लागण झालेली, पण बायको निरोगीच राहिलेली, अशी जोडपी ताईंना हवी होती. अशा बायकांची प्रतिकारशक्ती विषाणूला कशी थोपवते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मी फटकन म्हटलं, "आमच्या बायका काय तुमचे उंदीर आहेत?" ताई रागावल्या नाहीत. "मग कसं विचारायचं ते तुम्हीच शिकवा," म्हणाल्या.

त्यांनी गाडी कधी पाड्यावर नेली नाही. दारात गाडी थांबली की कुजबुज सुरू होते. म्हणून तळासरीच्या आठवडी बाजाराला आलेल्या बायकांना त्या तिथल्या दवाखान्यातच भेटत; आधी चहा, मग सुई.

त्यांतल्या एका बाईंची हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगते. त्यांच्या नवऱ्याचं अच्छाडला पंक्चरचं दुकान. नवऱ्याला लागण होती, त्यांना नव्हती. पण विषाणूला ओळखणाऱ्या पेशी त्यांच्या रक्तात सापडल्या होत्या. अभ्यासाच्या दृष्टीने ते रक्त फार मोलाचं. एके दिवशी त्या आनंदाने म्हणाल्या, "मॅडम, आम्ही निरोध सोडला. मला पोर पाहिजे. माझं रगत बेस हाय, म्हणून तर तुम्ही सारखं नेता ना! नवराही आता गोळ्या खात नाय."

अगं बाई! ताई त्यांच्याशेजारी बसल्या. "चूक माझी आहे. तुमच्या रक्ताने आजवर झुंज दिली. कशी दिली, ते मला पुरतं माहीत नाही. उद्याही देईल, याचा भरवसा मी देऊ शकत नाही."

"मग पोर?"

"होईल. आधी नवऱ्याच्या गोळ्या."

त्या दिवशी तपासणीत बाई निरोगीच निघाल्या. तरीही, रक्त नेत राहिलं तर त्यांचा गैरसमज टिकेल, म्हणून ताईंनी त्यांना अभ्यासातून वगळलं. सहकारी कुरकुरले, ताईंनी ऐकून घेतलं आणि निर्णय बदलला नाही. नवऱ्याच्या दुकानावर त्या स्वतः जात, गिऱ्हाईक गेलं की हळूच गोळ्यांची चौकशी करत. त्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तेव्हाच त्यांनी मूल होऊ द्यायला होकार दिला.

२०१८ साली मुलगी झाली. बाळंतपणानंतर आईचा एचआयव्हीचा शेवटचा अहवालही निर्दोष आला, तेव्हा बाईंनी लेक सरळ ताईंच्या हातात दिली. "धरा जरा, बाजारातून सुकट घेऊन येते." ताई अवघडून उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. मला म्हणाल्या, "हिच्या रक्तात मला काहीही शोधायचं नाही."

ताई, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. 'मला माहीत नाही' असं गरिबाच्या शेजारी बसून खरं सांगणारी डॉक्टर आम्हांला अजून पुष्कळ वर्षं हवी आहे.