शेजारच्या कार्डावरची गोळी

रायफल रेंजवरच्या मास्तरांनी सव्वीस वर्षं एकच गोष्ट सगळ्यांकडून घोकून घेतली. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, स्पष्ट दिसली पाहिजे; समोरचा काळा ठिपका धूसर राहिला तरी चालेल. आणि आता त्यांच्याच डोळ्यांनी उलटा कारभार मांडला होता. ठिपका लख्ख, माशी मात्र धुरातून पाहावी तशी. साठीला टेकल्यावर दुसरं काय होणार म्हणा!

शिकवण्याचा परवाना टिकवायचा तर दरवर्षी परीक्षकासमोर दहा गोळ्या झाडून ऐंशी गुण मिळवावे लागत. यंदा नापास म्हणजे नोकरी गेलीच. सकाळी बायको म्हणाली, "व्हा बाई एकदाचे पास. घरी बसलात तर माझ्या स्वयंपाकात खोड्या काढाल." मास्तरांना हसायचंही त्राण नव्हतं.

शेजारच्या लेनमध्ये त्यांची विद्यार्थिनी सराव करत होती, दवाखान्यातली नर्स. मास्तर पालथे पडले, अर्धा श्वास सोडून थांबले, चाप हळूहळू दाबत गेले. सहाव्या गोळीनंतर डोळ्यांना पाणी आलं. ते पुसून त्यांनी पुन्हा दस्त्याला गाल टेकवला आणि दिसला त्या ठिपक्यावर गोळी सोडली.

निशाणाची कार्डं आली. मास्तरांच्या कार्डावर नऊच भोकं, गुण सत्त्याहत्तर. परीक्षक भला माणूस. म्हणाला, "एकाच भोकातून दोन गेल्या असणार. तुमच्या हाताला काय अशक्य आहे? शहाऐंशी धरतो. पास."

मास्तरांनी रायफल आवरायला घेतली. सुटलो बुवा, एवढंच वाटलं. लाज वाटायलाही अंगात थोडी ताकद लागते.

नर्सच्या कार्डावर मात्र अकरा भोकं होती आणि तिने गोळ्या झाडल्या होत्या दहा. दुसऱ्याच्या कार्डावर गेलेली गोळी शून्य, आणि जास्तीचं भोक दिसलं की लगेच सांगायचं, हे मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. तिने मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि कार्डाची घडी करून पर्समध्ये घालायला घेतली.

"इकडे दे ते," मास्तर म्हणाले.

"राहू द्या ना मास्तर. कुणाला कळणार आहे?"

मास्तरांना तिचा राग आला नाही, स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी कार्ड घेऊन परीक्षकासमोर पसरलं.

"यातलं एक भोक माझं आहे. सत्त्याहत्तरच लिही. आणि हिला दुसरा मास्तर बघ. माझ्याकडून ही आज खोटं बोलायला शिकली."