आईच्या फोनएवढा चौकोन

आटपाट विरार होतं. तिथे मनवेलपाड्याच्या चाळीत मी, माझी सून सुनंदा आणि नात मानसी राहायचो. मुलगा आधीच गेलेला. मानसी घरी बसून ऑफिसचं काम करते, मोबाइलची अ‍ॅप्स बनवते. अशा घरात किस्से डब्यातल्या पिठासारखे साठतात. एक काढायला जावं तर कोपरापर्यंत हात भरतो.

पहिल्यांदा तिच्या कॉम्प्युटरवर तीन फोन ओळीने दिसले. मी म्हटलं, एवढे कशाला घेतलेस? ती हसली. खरे नव्हतेच ते! अ‍ॅप कुठल्या फोनवर कसं दिसेल, ते लिहितालिहिता तिथेच बाजूला दिसतं म्हणे. सगळ्यात लहान चौकोन सुनंदाच्या जुन्या फोनच्या मापाचा. त्याला नावच दिलेलं, "आई". मला वाचता येत नाही, तिनेच सांगितलं.

काम झालं की मानसी हाक मारायची, "आई, दिसतंय का?" सुनंदा कणकेच्या हाताने येऊन बघायची. एकदा म्हणाली, "सगळं दिसतंय. जे दाबायचं तेवढंच नाही."

गणपतीनंतर सुनंदा काविळीने गेली. तेरावं झालं, मानसी कामाला बसली आणि सवयीने तीच हाक मारून गेली. मग मीच उठले, चौकोनात बघितलं. म्हटलं, "नाही दिसत, बाय. हिरवं बटण खाली बुडालंय."

ती डोळे पुसत बटण वर घेत राहिली. तेव्हापासून त्या हाकेला मी जाते.

तिची नोकरी तेव्हा कच्ची. पक्की होणं या अ‍ॅपवरच होतं. कॉलवर साहेबांना तो चौकोन दिसला. असले फोन आता कोण वापरतं, वेळ जातो, काढून टाक, म्हणाले. मीही म्हटलं, काढ गं, आई काय त्यात बसलीय?

"माहितीये, आजी." पण काढला नाही.

अ‍ॅप राजोडीच्या सुकी मासळी विकणाऱ्या बायकांसाठी होतं. दाखवायच्या दिवशी बायकांनी कमरेचे बटवे सोडले. निघाले ते सगळे सुनंदाच्या फोनसारखेच! साहेबांनी स्वतः केलेलं पान उघडलं. एक म्हातारी बघत राहिली, मग म्हणाली, "दादा, बटन कुठं हाय?"

मग मानसीची पानं उघडली. म्हातारीने दोनदा बोट दाबून बोंबील विक्रीला लावले.

नोकरी पक्की झाली. मानसीचे चौकोन साहेबांनी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर घालायला लावले. नावं बदलायची राहून गेली.

परवा मी भाजी निवडत होते. कॉलवर साहेब कुठल्याशा नव्या मुलीला विचारत होते, "काम पाठवतेयस ते ठीक आहे. पण आईला दाखवलंस का?"