पहिला चिरा

डांगरमावशी कुणाच्या घरी कधी रिकाम्या हाताने गेली नाही, आणि डांगर तिने कधी पिशवीत घालून नेलं नाही. कडेवर घ्यायची. एक हात खालून, एक वरून, आणि उन्हाचं म्हणून पदराचं टोक त्याच्यावर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई लेकरू घेऊन निघालीय. एकदा केजच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं अर्धं तिकीट काढावं लागंल." तर ही म्हणते, "पाच वर्साच्या आतलं हाय. बसू द्या गुमान." सगळी एसटी हसली, ही हसली नाही.

शहरात ज्याला लाल भोपळा म्हणतात ते आमच्याकडचं डांगर. मावशीचं खरं नाव पारूबाई, पण ते फक्त ठरावाच्या वहीत. मी नांदूरघाटाच्या अलीकडच्या तिच्या वाडीवर शाळेत बाई म्हणून गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. अंबाजोगाईत शिकलेली, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की समजूत. मावशी पहिल्याच दिवशी दारात उभी. डांगर बोटांच्या पेरांनी वाजवून घ्यावं तसं मला नजरेनं वाजवलं आणि विचारलं, "किती दिस टिकताल? मागली बाई दिवाळीपत्तोर टिकली. माजं डांगर होळीपत्तोर टिकतं." मी चिडले. त्या चिडण्यापायीच तिथे अकरा वर्षं राहिले म्हणा ना!

तिचा वेल हापशावर होता. बायका पाणी भरायच्या आणि सांडेल तेवढं वेलाला जायचं. तिथून तो महिला सोसायटीच्या पत्र्यावर चढलेला. ही सोसायटी म्हणजे पापड, शेवया, कुरडया करणाऱ्या बायकांची सहकारी संस्था, आणि मावशी तिची चेअरमन. सहीपुरतं लिहायला शिकलेली, तेही एका अक्षराला एक मिनिट. पण तालुक्याहून कुणी साहेब आला आणि सहकाराचं महत्त्व सांगायला लागला की ती मधेच म्हणायची, "आमाला ठावं हाय साहेब. हिच्या घरी तवा, तिच्या घरी पीठ, माज्या घरी सरपण. येकटी बसली तर तिघीबी उपाशी." साहेबाचं भाषण तिथेच आटोपायचं.

आता एका दुष्काळी वर्षाचं सांगते. पाऊस मृगात तोंड दाखवून गेला तो गेलाच. टँकर सुरू झाले. बाजारात भाजी म्हणून बघायला मिळेना. पत्र्यावर मात्र डांगरं धरली होती, कारण हापसा दम टाकत का होईना, चालू होता. "जाड सालीचं दुष्काळ काढतं," मावशी म्हणायची, आणि हे ती डांगराबद्दल म्हणतेय की आपल्याबद्दल, ते विचारायची सोय नव्हती.

दिवाळी झाली की वाडीतली जोडपी ऊस तोडायला जायची आणि पोरांना बरोबर न्यायची. माझा वर्ग गुढीपाडव्यापर्यंत ओस. त्या वर्षी गावातच पोरांचं हंगामी वसतिगृह काढायला मंजुरी मिळाली. पोरं राहतील, शाळा शिकतील, स्वयंपाक सोसायटी करील. मी हरखून गेले. पण आयांचा जीव धजेना. त्यांनी एकच सांगितलं, "आमी जायच्या दिशी पोरं हितं पोटभर जेवताना बघू. न्हाई दिसली तर टरकात घालून नेऊ." कुणाचं काय चुकलं त्यात?

भाजी नव्हती, डांगरं होती. भाजी-भाकरी आणि गोड म्हणून घाऱ्या करायचं ठरलं. डांगराचा कीस गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक मळायची, थापून तळायच्या, की झाल्या घाऱ्या. आदल्या संध्याकाळी मावशी दळणाला निघाली आणि मला बजावून गेली, "बाई, उद्या सकाळी गडी सगळे टरक आणाया जात्याल. आज रातीला माज्या ज्ञानूकडून समद्या डांगरांना पयला चिरा पाडून घ्या. इसरू नका."

आमच्याकडे अख्खं डांगर बाई चिरत नाही. डांगर म्हणजे थोरला लेक. बाईनं त्याला पहिला चिरा पाडला तर तिच्या लेकावर संकट येतं. गड्यानं एक चिरा पाडायचा, पुढचं बाईनं करायचं. गडीही मिसरूड फुटलेला हवा, पोरासोरांचा हात चालत नाही. मी मान डोलावली आणि ज्ञानूला निरोपच दिला नाही. विसरले नव्हते. असल्या थोतांडाला आपण भीक घालत नाही, हे मला दाखवायचं होतं.

सकाळी चुली पेटल्या, विळ्या मांडल्या, आणि बायकांनी डांगरं फिरवून फिरवून पाहिली. एकालाही चिरा नाही! गावात गडी म्हणून उरला होता तो पारावरचा मारुती, तोही दगडाचा. मी विळी ओढली. "मी चिरते, मला कुठे लेक आहे?" तर सगळ्या ओरडल्या, "व्हायचा हाय की अजून!" आणि विळी काढून घेतली. एकीनं सुचवलं, आपटून फोडू. दुसरी म्हणाली, "चिरलं काय न् आपटलं काय, हात आपलाच." उन्हं चढत होती. ओसरीवर तीसेक पोरं ताटल्या घेऊन बसलेली, आणि समोर त्यांच्या आया, बोचकी बांधून. एका आईनं उठून पोराचा हात धरला, "चल. न्हाई हितलं खरं."

 माझ्या शहाणपणापायी तीस पोरं उसाच्या फडात जाणार होती.

मावशी पुढे येऊन विळीवर बसली. तिची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. हा ज्ञानू एकच हाती लागलेला, आणि तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, मागे दोन ट्रॉल्या जोडून. हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. तिनं सगळ्यात मोठं डांगर मांडीवर घेतलं, त्याच्यावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "माजं येक हाय. हितं तीस हायती." आणि विळीवर दाबलं. करकर आवाज झाला. बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. मग तिनंच खेकसून सांगितलं, "बघताव काय? कीस पाडा!"

पोरं जेवली. काय जेवली म्हणून सांगू! ट्रक आले, आया बसल्या, रडल्या, पण पोरं उतरवून घ्यायची वेळ एकीवरही आली नाही, कारण एकीनंही चढवलं नव्हतं.

ज्ञानूही त्याच दिवशी गेला. पुढचे पाच महिने मावशीनं कसे काढले ते मी पाहिलंय. रोज सकाळी वसतिगृहाच्या भाकरी थापून झाल्या की शाळेत यायची. "बाई, कारखान्यावर फोन लावा." फोन लागला की स्वतः बोलायची नाही. मला म्हणायची, "हाय का, तेवढं इचारा." मी एकदा तिची माफी मागायला गेले, तर म्हणाली, "चूक तुमची, हात माजा. आता दोगीबी गप बसू."

होळीनंतर ज्ञानू आला तो हात गळ्यात अडकवून. ट्रॉली जोडताना सापडला होता. हापशावर कुजबूज सुरू झाली, बघा, आलं ना पुढं! मावशी कळशी खाली ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हात टरालीनं मोडला. डांगरानं मोडायचा आसता तर माजा मोडला आसता, चिरलं मी हुतं." पुढच्या हंगामात वसतिगृहात पोरं वाढली. हात बरा झाला, पण कोपरात तो कधी पुरता सरळ झाला नाही.

मी निवृत्त झाल्यावर लेकीकडे अमेरिकेत गेले. ऐन शरद ऋतू. घरोघरी पायऱ्यांवर डांगरं, डोळे-दात कोरलेली आणि आत दिवे लावलेली. मी मावशीला व्हिडिओवर दाखवलं. "खायाच्या वस्तूला डोळे कावून पाडले?" ती रागावली. मग डांगराची कॉफी दाखवली. वासाला नुसती दालचिनी-लवंग. "डांगर कुटंय त्यात? फसवलं तुमाला." शेजारची मेक्सिकोची बाई मेलेल्या माणसांच्या सणाला गुळासारख्या साखरेत डांगर शिजवून फोटोपुढे ठेवते, हे मात्र तिला पटलं. "मंजी आपला पित्तरपाठच की." लेकीच्या जपानी मैत्रिणीकडे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी डांगर खातात, थंडीत तब्येत राहावी म्हणून. तेही पटलं. मग तिनं हळूच विचारलं, "बाई, तिकडं पयला चिरा कोन पाडतं?"

"कुणीही, मावशी. बायाच बहुतेक."

"आन् त्येंची पोरं?"

"धडधाकट आहेत. दारोदार हिंडून गोळ्या मागतात."

 ती पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायला लागली. "आन् मी येडी पाच महिने झोपले न्हाई की वो!" ती हसत होती आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

गेल्या वर्षी मावशी गेली. पिकलं पान होतं, झोपेत गेली. तेराव्याला मी वाडीवर गेले. स्वयंपाकाला तिच्याच वेलाचं डांगर होतं. रिवाजाप्रमाणे बायकांनी विळी ज्ञानूपुढे ठेवली. त्यानं वाकडा हात गुडघ्यावर ठेवून मान हलवली. "मला नका सांगू. आईनं मोडलेला रिवाज मी न्हाई जोडायचा. तीस लेकरांसाठी आईनं मला पणाला लावलं. माज्या जल्मात तसं पणाला लागण्यापरीस मोठं मी कायबी केलं न्हाई." 

त्याच्या बायकोनं, सुमननं, विळी उचलली. मला वाटलं, ती चिरणार. तिनं ती माझ्यापुढे आणून मांडली आणि डांगर माझ्या मांडीवर दिलं.

"बाई," ती म्हणाली, "तवा ऱ्हायलेला चिरा पाडा आता."