पायांकडे बघणारी मैत्रीण

माझी मैत्रीण सुमन मुलांसाठी गोष्टी लिहिते आणि पुस्तकांची पिशवी घेऊन शाळाशाळांतून वाचत फिरते. काल मीही तिच्याबरोबर गेले. मुलं चपला बाहेर काढून सतरंजीवर बसली होती. वाचताना ही त्यांच्या चेहऱ्यांकडे बघतच नव्हती, पायांकडे बघत होती. एखाद्या वाक्याला बोटांची चुळबुळ सुरू झाली, की कागदावर पेन्सिलीची खूण करायची.

"पाहुण्यांसमोर चेहरे शहाण्यासारखे बसतात गं," ती नंतर म्हणाली. "पाय नाही बसत."

मग व्हरांड्यातच तिनं खुणेची वाक्यं खोडली. त्यात विहिरीतल्या चांदण्याचं वाक्यही गेलं, माझं सगळ्यात आवडतं. मला काही कळेना. चांगलं वाक्य म्हणजे नक्की कोणाला चांगलं? आणि एखादा पाय मुंगी चावल्यानं हलला असेल तर?

परतताना एसटीत तिनं मला बदललेली गोष्ट वाचून दाखवली.

"सुरेख झालीय," मी म्हटलं.

हातात पेन्सिल धरून ती माझ्या पायांकडे बघत होती.