दिव्याकडे पाठ

आकाशाचे फोटो काढणाऱ्या माणसाला पहिली गोष्ट शिकावी लागते ती ही, की दिव्याकडे बघायचं नाही. एकदा बघितलं की डोळे गेले. आंधळे होत नाहीत हो, पण अंधाराला सरावलेली नजर क्षणात जाते आणि परत यायला चांगला अर्धा तास घेते. म्हणून वटारच्या आमच्या वाडीत मी दुर्बीण लावतो, तेव्हा जिकडे उजेड तिकडे माझी पाठ. ही सवय इतकी अंगात मुरलीय की लग्नाच्या मांडवातसुद्धा मी लायटिंगकडे पाठ करून जेवायला बसतो. लोक म्हणतात, म्हातारा वाकडाच आहे. म्हणोत बापडे.

माझं लग्न राहून गेलं. अंधेरीच्या एका ऑफिसात नकाशे काढण्यात आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावर संध्याकाळी घरात इतकं सामसूम वाटायला लागलं की मी दुर्बीण आणली. गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. एकाने पत्रिकाच आणून दिली, म्हणाला, शनी कधी उठतोय ते एवढं बघून सांगा. दुसऱ्याला वाटलं मी लोकांच्या खिडक्यांतून बघतो. मग समुद्राच्या दमट हवेने काचेवर दव धरायला लागलं, तेव्हा ते वाळवायला हेअर ड्रायर घ्यायला तुळिंजच्या बाजारात गेलो. दुकानदाराने माझ्या टकलाकडे बघितलं आणि म्हणाला, "अंकल, किसके लिए?" मी म्हटलं, "आसमान के लिए." त्याने बिचाऱ्याने लगेच बिल केलं.

आमच्या वाडीतून पूर्वेचं आकाश आता गेल्यातच जमा आहे. नालासोपारा आणि विरारच्या टॉवरांचा नारिंगी उजेड तिकडे अर्ध्या आभाळापर्यंत चढतो. राहिली पश्चिम. तिकडे समुद्र, त्यामुळे शनिवार-रविवारी राजोडीच्या रिसॉर्टवाल्यांनी धिंगाणा घातला नाही तर अंधार बरा असतो. पण माझ्या आणि त्या अंधाराच्या मध्ये एक घर होतं. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं.

बाबा गेल्यावर आम्ही वाडी वाटून घेतली. बाबा गेले तेही वाडीतच. रात्री पंपाला वीज आली म्हणून पानवेलीला पाणी फिरवायला गेले आणि तिथेच पाटाच्या कडेला पडले. कुणाला पत्ता नाही. पहाटे दादाला सापडले. त्यानंतर वर्षभरात वाटण्या झाल्या, आणि भांडण लागलं ते बरोबर हद्दीवर उभ्या असलेल्या एका सोनचाफ्यावरून. एक शब्द इकडून गेला, दोन तिकडून आले, आणि बोलणं बंद. चाफा पुढे एका पावसात उन्मळून पडला, तरी आम्ही काही बोललो नाही. आमच्या घराण्यात अबोला धरायचा तर नीट धरतात.

मला एक फोटो हवा होता. देवयानीचा. ती दुसरी आकाशगंगा आहे, आपल्याहून वेगळी, आणि थंडीत संध्याकाळी वर असते, मग दादाच्या कौलांवरून हळूहळू उतरते. नुसत्या डोळ्यांना तिथे जेमतेम एक डाग दिसतो. एका फोटोतही फार काही येत नाही. रात्रीमागून रात्र शेकडो फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, की मग तिच्या कडेच्या धुळीच्या काळ्या रेघा दिसायला लागतात. त्या रेघा मला एकदा तरी स्वतःच्या अंगणातून बघायच्या होत्या. दुसऱ्यांनी काढलेल्या पुष्कळ बघितल्या. पण लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, निदान आपल्या हाताने काढलेली एवढी एक गोष्ट असावी, असं वाटायचं.

आणि नेमका दिवा लागायचा. दादाच्या मागच्या पडवीत, पांढराफटक, डोळ्यांत भाला खुपसावा तसा. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात रोज दुधाळ पट्टा. पहिल्यांदा वाटलं, योगायोग असेल. पण मी नकाशे काढणारा माणूस, मोजमाप केल्याशिवाय सोडत नाही. दुर्बीण न घेता नुसताच बाहेर जाऊन बसलो, तर दिवा लागला. आत आलो, गेला. पुन्हा बाहेर गेलो, पुन्हा लागला. मी गावाला गेलो होतो त्या आठवड्यात लागतच नव्हता, हेही मी फुलं न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याकडून काढून घेतलं. मग काय, माझी खात्रीच पटली. म्हटलं, चाफा गेला तरी याचा राग गेला नाही!

मी बांबू रोवून निळी ताडपत्री बांधली. चार दिवसांत दिवा पडवीतून उठून माडीच्या कोपऱ्यावर गेला. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. दादाशी बोलणं नव्हतं, पण वहिनीशी होतं, विहिरीवर, कामापुरतं. तिला म्हटलं, "सांगा तुमच्या नवऱ्याला, मी बाहेर असतो तेवढा वेळ दिवा बंद ठेवा म्हणावं. फोटो नासतात माझे." वहिनी भातशेतीच्या गावची, तिच्या तोंडी ण कधी बसला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "ते म्हनतात, दिवा र्‍हानार." एवढंच सांगून तिने कळशी उचलली, माझ्याकडे बघितलंही नाही.

मग मीही ठरवलं. दिव्याकडे पाठ करून बसायचं, वरून काळं कापड घ्यायचं, आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर तो उजेड पुसायचा. तशी सोय असते. नको असलेला उजेड कुठून कुठे पसरलाय ते दाखवून द्यायचं, की तेवढा भाग प्रोग्राम वजा करून टाकतो. पण उजेड वजा करताना देवयानीच्या रेघाही पुसल्या जायच्या. कितीतरी हिवाळे मी असे घालवले. बसल्या बसल्या त्याला शिव्या द्यायचो, अगदी मोठ्याने. खोटं कशाला सांगू, त्या शिव्यांनी सोबत व्हायची.

या दिवाळीनंतर दादा गेला. झोपेतच. मी खांदा दिला, सगळं रीतसर केलं, तेराव्याला जेवलोही. बोलायचं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर अमावास्येच्या आसपास मी दुर्बीण बाहेर काढली. बसलो, वाट बघितली. दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पश्चिमेकडे असा काळोख मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. कापड काढून ठेवलं, ताडपत्री सोडली आणि पुढचे सगळे निरभ्र दिवस कामाला लागलो. पौषात एका सकाळी सगळे फोटो रचून झाले आणि स्क्रीनवर देवयानी आली. रेघांसकट. एक, तिच्या आत दुसरी, कडेला देवयानीची छोटी सोबतीण, अजून एक आकाशगंगा. मी खुर्चीतून उठलो आणि "अरे वा!" असं ओरडलो. घरात कुणीच नव्हतं. ते ओरडणं मलाच इतकं विचित्र वाटलं की मी परत खाली बसलो.

एवढी वर्षं ज्याच्यासाठी घासली ते हातात आलं आणि दाखवायला माणूस नाही. फोनवर पाठवलं असतं तर ऑफिसच्या जुन्या लोकांनी अंगठे पाठवले असते. मला अंगठे नको होते. शेवटी लॅपटॉप काखोटीला मारला आणि कुंपणातल्या फटीतून वहिनीकडे गेलो. त्या घराच्या ओट्यावर मी दादा गेल्यानंतरचे ते तेरा दिवस सोडले तर वाटण्यांनंतर पाय ठेवला नव्हता.

वहिनी कळ्या निवडत बसली होती. चष्मा लावून तिने फोटो नीट बघितला. "ढग हाय का हो, भावोजी?"

"ढग कसला! दुसरी आकाशगंगा आहे. तुमच्या कौलांवर असते रोज."

"आमच्या?" तिला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी हसली असेल. मग परत फोटोकडे बघत म्हणाली, "चांगला आला. दिवा नव्हता म्हनून, ना?"

"मग! एवढी वर्षं तेच तर सांगत होतो." माझ्या आवाजाला धार आली, ती मलाही ऐकू आली.

वहिनी कळ्यांशीच बोलत असल्यासारखी खाली बघत म्हणाली, "त्यांना ठाव व्हतं. म्हनायचे, त्याचा फोटो बिघडतो ते मला कळतंय गं, पन माझा जीव र्‍हात नाय. बाबा असेच अंधारात पडले, रात्रभर कोनाला दिसले नाय. हा बी एकटाच, मागे कोन हाय बघायला? तुम्ही बाहेर आलात की दिवा लावायचे आनि बसून र्‍हायचे. तुम्ही ताडपत्री बांधलीत, मग खालून दिसेना, म्हनून माडीवर. गुडघ्यांनी जिना चढवत नव्हता, तरी वर. तुम्ही आत गेल्याशिवाय काय झोपत नव्हते."

"मला सांगायचं तरी!"

"त्यांनी सांगू दिलं नाय. म्हनायचे, कळलं तर मुद्दाम राजोडीच्या वाळूत जाऊन बसेल, तो तसलाच हाय."

तसलाच आहे मी. अगदी तेच केलं असतं. रागाने लाल होऊन सगळं सामान रिक्षात घालून समुद्रावर गेलो असतो. माझ्या दादाला मी किती नेमका माहीत होतो! आणि मला तो माहीत नव्हता, कारण इतक्या वर्षांत एकदाही मी मान वळवून त्या दिव्याकडे नीट बघितलं नव्हतं. नजर जाईल म्हणून. बघितलं असतं तर तिथे माणूस बसलेला दिसला असता. शिव्याही ऐकल्या असतील त्याने. रात्री आमच्या वाडीत आवाज लांबवर जातो. मी तिथे ओट्यावर बसून रडलो आणि वहिनीने मला रडू दिलं.

निघताना ती म्हणाली, "आता लावू का दिवा? तुमचा फोटो तर झाला."

"लावा," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी दुर्बीण, कॅमेरा, लॅपटॉप सगळं घेऊन बाहेर गेलो. कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं. दिवा लागला. यावेळी मी खुर्ची फिरवली आणि सरळ त्याच्याकडे तोंड करून बसलो. डोळे दिपले, सगळे तारे गेले, देवयानी गेली. हळूहळू माडीची गॅलरी दिसायला लागली. तिथे एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती, माझ्या वाडीकडे तोंड करून ठेवलेली. तिच्या पाठीवर दादाचा मफलर अजून तसाच होता, कुणी उचललाच नसावा.

एरवी मी जेवणवेळ उलटून गेली तरी बाहेरच असतो. त्या दिवशी कॅमेरा जोडलाच नाही. सामान आवरलं आणि लवकर आत गेलो. उगाच त्याला ताटकळत कशाला ठेवायचं.